पोर्टफोलिओतल्या पाठी

जनगणनेच्या वर्षी मी निंबर्ग्याच्या उन्हात असा फिरलो आहे, की संध्याकाळी चप्पल काढली तर तळव्याबरोबर थोडं डांबरही निघायचं. निवडणुकीच्या ड्यूटीवर एका आजोबांना पटवलं आहे की उमेदवारावर कितीही प्रेम असलं तरी मत एकदाच द्यायचं असतं. आमची शाळा मराठी, तपासणीला येणारे साहेब कन्नड आणि साहेबांचा ड्रायव्हर दखनी उर्दू बोलणारा. या तिघांच्या मधे उभं राहून मी वर्षानुवर्षं तपासण्या पार पाडल्या, आणि प्रत्येकाला वाटायचं की मास्तर आपल्याच बाजूचा आहे. एवढं करूनही माझं डोकं जागेवर होतं. ते फिरवलं एका पोर्टफोलिओनं.

पोर्टफोलिओ म्हणजे काय हे कर्नाटकातल्या आमच्या आळंद तालुक्यात त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं, मला धरून. मी घरबसल्या शिकवणाऱ्या एका विद्यापीठातून शैक्षणिक तंत्रज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. पेपर दिले, पास झालो, पेढेही वाटून झाले. मग वरून फर्मान आलं की नुसत्या पेपरांवर पदवी मिळणार नाही. प्रत्येकानं इंटरनेटवर स्वतःची साइट उघडायची. वर्गात तंत्रज्ञान वापरून काय शिकवलं त्याचे पुरावे तिथं मांडायचे: पाठ, फोटो, मुलांनी केलेलं काम, आणि आपलं काय जमलं नि काय फसलं याबद्दल चार पानं. पुण्यात बसलेल्या मार्गदर्शक बाई ती साइट बघणार. त्या ‘हो’ म्हणाल्या तर पदवी.

ही पदवी मला भिंतीवर टांगायला नको होती. बायको बिदरच्या दवाखान्यात नर्स आणि मी निंबर्ग्याला मास्तर. आमचा संसार आठवड्यातून दीड दिवसाचा, त्यातला बराचसा बसमध्ये, आणि बसमधला बराचसा उभ्यानं. बिदरच्या एका अनुदानित अध्यापक विद्यालयात शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवायची जागा निघाली होती. संस्थेच्या अध्यक्षांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, जूनच्या आत पदवी आणा, जागा तुमची. नाही आणली तर दुसरा माणूस पायरीवर बसलेलाच आहे. म्हणजे साइट झाली तर पदवी, पदवी झाली तर बिदर, आणि बिदर झालं तर एका छपराखाली दोन माणसं. बायको दर रविवारी बसस्टँडवर सोडायला यायची आणि एकच वाक्य बोलायची.

“अहो, ती साइट का काय ती एकदाची उघडा. घरमालकीण इचारायलीय मला, नवरा हाय का नुसता फोटो हाय?”

साइट उघडायला मी आळंदच्या नेट कॅफेत जायचो. कॅफे चालवणारे चाचा मोठे प्रेमळ, पण त्यांच्या नेटला माणुसकी नव्हती. निंबर्ग्यात वीज असली की आळंदला नसायची आणि आळंदला आली की चाचांचं नेट रुसायचं. “नेट नै आरा गुरुजी, थोडा रुको,” असं म्हणून ते चहा मागवायचे. त्या वर्षात मी इतका चहा प्यालो की बायकोनं एकदा माझी नाडी बघितली आणि सरळ डॉक्टरला हाक मारली. एक फोटो चढवायला लावला की पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागायची. सरकायची म्हणजे काय, तेवढ्या वेळात मी एकरभर तूर खुरपून, हातपाय धुऊन, भाकरी खाऊन परत आलो असतो. आणि पट्टी शेवटच्या बोटभर अंतरावर आली की वीज जायची. माझा तर पक्का संशय होता की वीज मंडळात एक माणूस फक्त माझी पट्टी बघत बसलेला असतो.

साइट फुकटातली होती. त्यामुळे माझ्या ‘अध्यापनाची उद्दिष्टे’ या मजकुराशेजारी एक गोरी बाई पोट कमी करायचा उपाय सांगत कायम उभी असायची. तिला काढायची सोय नव्हती. पुण्याच्या बाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, “सर, या कोण?” मी म्हटलं, “आमच्या स्टाफमधल्या नाहीत बाई.” त्यातून माझं टायपिंग जुन्या फॉन्टमधलं. मी आठवडाभर खपून लिहिलेलं मनन, म्हणजे ती चार पानं, बाईंच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन उमटलं. फरशी घातल्यासारखे, ओळीनं चौकोन. सगळं परत टाइप केलं. मग बाई म्हणाल्या, “सर, तुमचं काय काय फसलं ते तुम्ही लिहिलंच नाही.” आता सरकारी नोकरीत आपलं काय फसलं ते आपण कधी लिहितो का? ते वरचे लिहितात. पण नाइलाजानं तेही लिहिलं, इतपत सावध की वाचणाऱ्याला वाटावं, फसलं ते खडूचं.

एवढं सगळं पार पडलं आणि खरा फास पुढं होता. फोटो.

बाईंचा फोन दुपारच्या सुट्टीत आला.

“सर, मी तुमचे सगळे फोटो पाहिले.”

“कसे वाटले बाई?”

“यात कॉम्प्युटर कुठं आहे?”

मी चमकलो. आमच्या शाळेला योजनेतून तीन कॉम्प्युटर आले होते आणि त्यांचे मी वर्षभर फोटो काढले होते. आळंदला जाऊन माझीच साइट मी पहिल्यांदा नीट डोळे उघडून बघितली. पहिल्या फोटोत मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, त्यांच्या शेजारी पंचायतीचे अध्यक्ष, मग सदस्य, मग सोसायटीचे चेअरमन, मग नारळ फोडलेला माणूस. सगळे एका रांगेत, छाती काढून, श्वास रोखून. त्यांच्या मागं कुठंतरी कॉम्प्युटर असणार. दुसऱ्या फोटोत तीच रांग आणि खाली मुलं, गुडघ्यावर हात ठेवून, लस टोचायला बसवल्यासारखी. तिसऱ्यात मी, शाल, श्रीफळ. चौथ्यात मात्र अध्यक्षांच्या कोपराखालून कॉम्प्युटरचा एक तुकडा दिसत होता. मी आनंदानं बाईंना फोन लावून तो उघडायला सांगितला.

“तो होय?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “मला वाटलं, तुमच्याकडं कुणी वारलं. हार घातलाय ना त्याला.”

आता यात आमच्या लोकांचा काय दोष? आमच्याकडं फोटो म्हणजे मान. कॅमेरा निघाला की हातातलं काम थांबलं पाहिजे. काम करणाऱ्या, वाकलेल्या, तोंड फिरवलेल्या माणसाचा फोटो काढणं म्हणजे त्याला अंघोळीच्या वेळी गाठल्यासारखं. आमच्या गावात मयताला सुद्धा धुऊन पुसून, टेकू देऊन नीट बसवतात आणि मगच फोटो काढतात. मग जित्या माणसानं काय पाप केलं? कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांनी त्याचा मान राखला, म्हणजे त्याच्या पुढं उभे राहिले. अगदी पुढं. तो दिसेनासा होईपर्यंत.

बाईंना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “मला नैसर्गिक फोटो हवा. मुलं कॉम्प्युटरवर काम करताहेत, कॅमेऱ्याकडं कुणाचं लक्ष नाही. तंत्रज्ञान दिसलं पाहिजे आणि शिकणं दिसलं पाहिजे. तेवढ्यावर तुमचं सगळं अडलंय.”

मी मोठ्या गुरुजींच्या कानावर घातलं. फक्त त्यांच्या.

“फोटो घ्यायचाय? मग अध्यक्षाला सांगावं लागतंय,” ते म्हणाले.

“नको सर, साधा फोटो पायजे. लेकरं काम करताना.”

“साधा? जगभर जाणार आन् साधा?” ते खुर्चीतून उठलेच. “मास्तर, शाळेचं नाव घालवायलाव का काय तुमी?”

दुसऱ्या दिवशी शाळेत आलो तर मला वाटलं पिठाची गिरणी फुटली. सगळ्या मुलांच्या तोंडाला पावडर. एका मुलानं हसून दाखवलं तर त्याच्या गालावरून पापुद्रा पडला. मुलींच्या अंगावर आयांच्या साड्या, चिमटे लावून आवळलेल्या. दारात आयांची गर्दी. आणि या गर्दीला कारण होतं. गावातले निम्मे बाप पुण्याला बांधकामावर, काही मुंबईला, काही हैदराबादला. गुरुजींची साइट पुण्यात सुद्धा उघडते, ही बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. एक आई पदर खोचून पुढं आली.

“मास्तर, आमच्या पोरीचं तोंड तेवढं नीट येऊ द्या. तिचे अप्पा दिवाळीला बी आले न्हाईत. तितं नेटवर बगतो म्हनलेत.”

“अक्का, फोटोत पोरीनं कॉम्प्युटरकडं बघायला पायजे. माझ्याकडं न्हाई.”

“कामून? कॉम्प्युटर तिचा बाप हाय व्हय?”

यावर शैक्षणिक तंत्रज्ञानात उत्तर नाही. मी पाठ्यपुस्तकं शोधली आहेत. तेवढ्यात पंचायतीचे अध्यक्ष फेटा बांधून आले, मागं सदस्य, सगळे रांगेत, आणि कॉम्प्युटर परत एकदा दिसेनासे झाले. मी बटण दाबलं. बाईंचा निरोप दोनच शब्दांचा आला: “परत तेच.”

आता माझ्यातला लबाड जागा झाला. आमची कॉम्प्युटरची खोली आणि दुपारच्या जेवणाच्या तांदळाची खोली एकच होती. एका अंगाला तंत्रज्ञान, दुसऱ्या अंगाला पोती. मी मुलांना चित्र काढायला बसवलं, “आलोच” म्हणून बाहेर पडलो, मागच्या दारानं आत शिरलो आणि पोत्यांच्या मागं उकिडवा बसलो. तिथं उंदीर होते. एक तर माझ्या पायावर बसून माझ्याबरोबर दबा धरून होता, असं मी सांगितलं तर लोक हसतात, पण तो होता. फ्लॅश बंद करून मी फोटो काढला. तीन कॉम्प्युटर, आणि त्यांच्यावर ओणवलेल्या मुलांच्या पाठी. कुणाचंही लक्ष नाही. मला तिथंच, उंदरासकट, नाचावंसं वाटलं.

फोटो चढवला. बाईंचा फोन आला, आवाजात पहिल्यांदाच जरा ऊब होती. “सर, हा पहिला खरा फोटो. फक्त फार अंधार आहे हो. धूसर आलाय. अगदी असाच एक उजेडात घ्या, म्हणजे झालं. मात्र पुढच्या आठवड्यात मला गुण पाठवायचेत.”

असाच एक! मी आणखी एकदा पोत्यामागं बसायच्या तयारीत होतो. पण सकाळी शाळेत पोचलो तर व्हरांड्यात बायका बसलेल्या. अक्का सगळ्यांच्या पुढं.

“पोरीच्या अप्पांचा फोन आलता. कामावरनं सुटून, नेटवाल्याकडं रांगंत थांबून बगितले म्हनं. नुसत्या पाठी दिसल्या. आमचं लेकरू कुठंय, इचारायलेत. म्या काय सांगू?”

दुसरी म्हणाली, “चोरून काढलाव म्हनं तुमी. तांदळामागं बसून.”

ही उंदराची फितुरी असणार. मोठे गुरुजी माझ्याकडं न बघता म्हणाले, “मास्तर, तो फोटो काढून टाका. आजच. गावाच्या पाठी जगाला दाखवायच्या, ही काय पद्धत हाय?”

त्या क्षणी माझा जीव इतका वैतागला होता की बोलू नये ते बोललो. म्हटलं, पाठींचा फोटो नसला तर पदवी जाते. पदवी गेली तर बिदरची जागा जाते. जागा गेली तर मी हितंच, ती तिथंच, आणि म्हातारपणी एकमेकांना ओळखायला ओळखपत्र दाखवायची पाळी येईल. हे सगळं मी ओरडून सांगितलं. मग स्वयंपाकाच्या चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, “म्हंजी बायकूपशी जायाचंय म्हून आमच्या लेकरांच्या पाठी दाखवायलाव व्हय?”

बायका अशा हसल्या की वर्गातली मुलं बाहेर आली. मी लाल झालो. मोठे गुरुजी भिंतीकडं बघायला लागले. हसू ओसरलं तेव्हा अक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, “मग आधीच सांगायचं की. नवरा परगावी असल्यावर काय होतंय ते आमाला शिकवायलाव का?” आणि वळून बायकांना म्हणाली, “एक तोंडाचा काढा, एक पाठीचा. दोनी टाका. पाठीचा आमी बगताव.”

त्या काय बघणार आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आयांनी मुलांच्या पाठी सजवल्या होत्या. समोरून मुलं नेहमीसारखी, नाक गळणारी. पण मागून! वेण्यांना कनकांबरं म्हणजे अबोली, शेवंती, एकीच्या पाठीवर तर कमरेपर्यंत फुलांची जाळी. पोरांच्या सदऱ्यांच्या पाठी तेवढ्या इस्त्री केलेल्या, पुढं सुरकुत्या तशाच. आणि प्रत्येक पाठीवर एकेक खूण होती: कुणाच्या बापानं भिवंडीहून आणलेला चट्ट्यापट्ट्याचा सदरा, अक्काच्या पोरीला पुण्याहून आलेली लाल रिबन, एका पोरानं तर बापानं धाडलेलं दप्तर बसल्या जागी पाठीला अडकवून ठेवलं होतं. “काढ की ते,” मी म्हटलं. “आय मारती,” तो म्हणाला.

आधी तोंडांचा फोटो झाला, श्वास रोखून. मग मी म्हटलं, आता पाठीचा. तेवढ्यात दारातून फेटा आत आला.

“मग आमी?” पंचायतीचे अध्यक्ष म्हणाले.

“अण्णा, या फोटोत तोंड दिसत न्हाई कुणाचं.”

“न्हाई तर न्हाई. पाठ तर हाय की आमाला.”

आणि ते मुलांच्या मागं, माझ्याकडं पाठ करून, छाती काढून उभे राहिले. शेजारी मोठे गुरुजी, शाल पाठीवर चापून पसरलेली. मग चेअरमन, मग सदस्य. मी कॅमेरा खाली घेतला. संपलं, म्हटलं. पुन्हा रांग. फक्त उलटी. बाईंना काय सांगू? बिदरची बस डोळ्यांसमोरून निघून चालली होती आणि मी तिच्यामागं पळत होतो.

पण माणूस भिंतीकडं तोंड करून किती वेळ छाती काढणार? या लोकांनी आजवर प्रत्येक वेळी कॉम्प्युटरकडं पाठ केली होती. आज पहिल्यांदा तो त्यांच्या समोर होता. अक्काची पोरगी मधल्या कॉम्प्युटरवर चित्र काढत होती. अध्यक्षांचा फेटा हळूहळू खाली झुकायला लागला.

“ए बाय, काय काढायलीस?”

“बैल हाय.”

“बैल? वशिंड कुठंय त्येला?”

“काढायले की. थांबा जरा.”

“शिंगं बग कशी काढलीय, शेळीची हाईत का ती? वर घे. आणिक वर.”

चेअरमन म्हणाले, “पाय चारी सारके नसतेत बैलाचे.” मोठे गुरुजी म्हणाले, “आण हिकडं, मी दावतो,” आणि माऊस उचलून हवेत फिरवायला लागले. पोरगी खेकसली, “सर, खाली टेकवा! टेकवल्याबिगर चालत न्हाई त्ये!” गुरुजींनी मुकाट्यानं टेकवला. बाकीच्या दोन कॉम्प्युटरवरची मुलं उठून इकडं गोळा झाली, सदस्य त्यांच्यावर ओणवले, कुणीतरी म्हणालं “शेपूट राह्यलं”, आणि सगळ्यांची डोकी एका पडद्याभोवती आली. फेटा, फुलं, शाल, दप्तर. कॅमेरा मी लोंबता सोडला होता. तो उचलायला मला भानच राहिलं नाही. भान आलं तेव्हा धडाधड बटण दाबत सुटलो.

फोटो झाला म्हणजे सुटलो, असं वाटलं तर तुम्ही आळंदचं नेट बघितलेलं नाही. मी कॅफेत पोचलो, पट्टी सरकायला लावली, आणि पडद्यावर सूचना आली की तुमची जागा संपली आहे. फुकटच्या साइटवर जेवढं मावायचं तेवढं मावलेलं. काहीतरी काढून टाकल्याशिवाय नवीन बसणार नव्हतं. पोटवाल्या बाईला काढता येत नव्हतं. मी शोधत गेलो आणि सापडलं: कॉम्प्युटर कक्षाच्या उद्घाटनाचं अध्यक्षांचं भाषण, व्हिडिओसह. त्यात ते आधी पावसावर, मग खतावर आणि शेवटी कॉम्प्युटरवर बोलतात. मी ते पुसलं. इतक्या आनंदानं मी शाळेतला फळाही कधी पुसला नाही.

मग वीज गेली. मग आली. मग चाचा म्हणाले, “अब नेट गया गुरुजी.” मी कॅफेच्या पायरीवर बसलो आणि जगातल्या यच्चयावत तंत्रज्ञानाला तिन्ही भाषांत शिव्या दिल्या. कन्नडमधल्या जास्त बसतात. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तिसऱ्या दिवशी परत गेलो. चाचांच्या कुत्र्यानं मला बघून शेपूट हलवायचं सोडून दिलं होतं. घरचाच माणूस म्हणून. अखेर दोन्ही फोटो चढले, पाठीचा आधी, तोंडाचा नंतर.

बाईंचा फोन आला. “सर, फारच छान! हे खरं शिकणं. पण मुलींनी पाठीला एवढी फुलं का लावलीत?”

“आमच्याकडं सण होता बाई.”

“आणि ही मोठी माणसं? फेटेवाली?”

“प्रौढ शिक्षण,” मी म्हटलं.

बाईंनी ‘समाजाचा सहभाग’ याखाली चांगले गुण दिले आणि ‘आत्मपरीक्षण’ याखाली इतके कमी, की दोन्ही मिळून मी जेमतेम तरलो. पुण्याहून अक्काला पोरीच्या अप्पांचा फोन आला होता. तोंडाचा फोटो तिकडच्या नेटवर कपाळापर्यंत उघडला आणि तिथंच थांबला. पाठीचा मात्र सगळा उघडला. रिबनवरनं त्यांनी पोरीला ओळखलं, आणि बैलाला सुद्धा, म्हणाले, “त्यो आपल्या गोठ्यातलाच हाय. उजवं शिंग बग की.” हे अक्कानं मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा हातानं शिंग करून दाखवलं.

मी पदवी घेऊन बिदरला गेलो. संस्थेच्या कचेरीत मोठं टेबल, त्यामागं अध्यक्ष, शेजारी प्राचार्य आणि कोपऱ्यात कापडानं झाकलेला कॉम्प्युटर. मी ऐटीत पुढं सरकलो. म्हटलं, “साहेब, माझा सगळा पोर्टफोलिओ इंटरनेटवर आहे. पत्ता सांगतो, उघडून बघा.”

अध्यक्षांनी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांनी कापडाकडं बघितलं.

“ते राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “कागद कुठं हाईत?”

“साहेब, ऑनलाइन आहे सगळं. म्हणजे कागद नाहीतच.”

“ऑनलाइन आमाला बी कळतंय. पण फाइलला काय लावू? नेट लावू?”

मी धावत बसस्टँडसमोरच्या दुकानात गेलो आणि अख्खी साइट छापून घेतली. रंगीत छपाई त्या दिवशी बंद होती, काळीपांढरी चालू होती. वर्षभराचं माझं तंत्रज्ञान एका कापडी पट्टीच्या फाइलमध्ये गेलं, प्रत्येक पानावर त्या पोटवाल्या बाईसकट. मग प्रत्येक पानावर अधिकाऱ्याची सही नि शिक्का. अधिकारी जेवायला गेलेले. ते ढेकर देत आले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. अध्यक्षांनी फाइल चाळली आणि पाठीच्या फोटोवर थांबले. छपाईत सगळा फोटो डांबरासारखा काळा झाला होता, मधे फक्त फेट्याचा पांढरा गोळा.

“हे काय हाय? ग्रहण?”

“शिकणं आहे साहेब,” मी म्हटलं.

त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर शाल आणि श्रीफळ घेतलेला मी होतो, आणि तो फोटो काळ्यापांढऱ्यातही झकास आला होता. तो त्यांनी बराच वेळ बघितला, प्राचार्यांना दाखवला, मान हलवली.

“सोमवारपासून या.”

बाहेर येऊन मी बायकोला फोन लावला. दवाखान्यात तिची ड्यूटी चालू होती, मागं कुणाचं तरी बाळ रडत होतं. मी पहिल्यापासून सांगायला लागलो, फाइल, शिक्का, ग्रहण.

“झालं का न्हाई तेवढं सांगा.”

“झालं. सोमवारपासून.”

बाळ रडायचं थांबलं, परत लागलं.

“आयकलीस का?”

“आयकले,” ती म्हणाली. “हितं नळाला एक दिवसाआड पाणी येतंय. एकटीला पुरायचं. येताना दोन घागरी आणा. तांब्याच्या नको, हलक्या आणा, चढ हाय.”